ट्रॅक्टरची निगा : घरी किती, सेवाकेंद्रात किती?

आषाढी अमावास्येला महाराष्ट्रात घरोघरी दिवे घासूनपुसून उजळले जातात. त्याच दिवशी छत्तीसगडात हरेलीचा सण असतो. तेथील पंचांगाप्रमाणे ती श्रावणातील अमावास्या. नांगर, कुदळ, फावडे, विळा अशी सारी अवजारे त्या दिवशी स्वच्छ धुऊन अंगणात मांडतात, त्यांची पूजा करतात आणि गुळाच्या चिल्यांचा नैवेद्य दाखवतात. अलीकडे या मांडणीत अनेक अंगणांत ट्रॅक्टरही उभा असतो. ज्या साधनावर वर्षाचे पोट अवलंबून आहे, त्याला वर्षातून एकदा तरी मालकाचा हात फिरावा, ही या सणामागची शेतकरी जाण आहे.

दुर्ग जिल्ह्यात भिलाईच्या पोलाद वसाहतीतील रुआबांधा हा भाग अशा ठिकाणी वसला आहे, की तेथे यंत्रांची निगा राखण्याच्या दोन परंपरा शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे भिलाई पोलाद कारखाना आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून तो उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुसरीकडे उतईच्या रस्त्याला लागले की भाताची खाचरे सुरू होतात. पोलाद कारखान्यात यंत्र बंद पडण्याची वाट पाहत नाहीत. कोणते यंत्र कधी थांबवायचे, काय तपासायचे आणि काय बदलायचे हे आधी ठरलेले असते व त्याची लेखी नोंद राहते. शेतात मात्र बहुधा उलट घडते. यंत्र थांबले की मगच त्याकडे लक्ष जाते.

प्रश्न असा, की ट्रॅक्टर किंवा मालवाहू पिकअपची देखभाल शेतकऱ्याने स्वतः करावी, की ती सर्वस्वी कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रावर सोपवावी? या दोहोंपैकी एकाचीच निवड करण्याचे कारण नाही. रोजची निगा आणि बिघाडाचे पहिले निदान हे मालकाचे काम आहे. खोल दुरुस्ती हे प्रशिक्षित कारागिराचे काम आहे. ही सीमारेषा नीट आखली, तर पैसा आणि हंगाम दोन्ही वाचतात.

हंगामातील एका दिवसाची किंमत

भाताची रोपे साधारणतः २१ ते २५ दिवसांची असताना रोवणी व्हावी, अशी शिफारस आहे. रोपे महिनाभरापेक्षा जुनी झाली की फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. म्हणजे पाऊस, रोपे आणि चिखलणी या तिन्हींचा मेळ जेमतेम आठ-दहा दिवसांत बसवावा लागतो. दुर्ग-राजनांदगावच्या पट्ट्यात हे जितके खरे आहे, तितकेच भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीतही खरे आहे.

याच दिवसांत ट्रॅक्टरवर सर्वाधिक ताण पडतो. चिखलणी करताना लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर तासन्‌तास गाळात चालतो. पुढच्या चाकांच्या हबमध्ये, ब्रेकमध्ये आणि क्लचच्या घरात चिखलपाणी शिरण्याचा धोका असतो. सील झिजलेले असेल तर पाणी गिअर ऑइलपर्यंत पोहोचते. गावातील सारे ट्रॅक्टर एकाच वेळी राबत असल्यामुळे बिघाडही एकाच वेळी येतात आणि सेवाकेंद्रात रांग लागते. दोनशे रुपयांच्या सीलपायी चार दिवस खोळंबले, तर त्याचा खरा खर्च सेवाकेंद्राच्या बिलात दिसत नाही. तो पुढे मळणीच्या खळ्यावर दिसतो.

हा खर्च प्रत्येकाला स्वतः काढता येतो. परिसरातील चिखलणीचा तासाचा भाडेदर घ्यावा, त्याला दिवसातील कामाच्या तासांनी गुणावे आणि येणाऱ्या आकड्याला खोळंब्याच्या दिवसांनी गुणावे. हा आकडा एकदा कागदावर मांडला, की रोजच्या पंधरा मिनिटांच्या तपासणीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

घरची देखभाल : तासमापकानुसार वेळापत्रक

मोटारीची देखभाल किलोमीटरवर मोजतात, ट्रॅक्टरची तासांवर. म्हणून तासमापक, म्हणजेच अवर मीटर, चालू असणे ही पहिली अट आहे. पुढील वेळापत्रक सर्वसाधारण आहे. ज्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळे अंतर दिले असेल, तर पुस्तिका प्रमाण मानावी.

दर १० तासांनी किंवा रोज :
- ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकने इंजिन ऑइलची पातळी पाहावी.
- इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाणी किंवा कूलंट पाहावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. जाळीत अडकलेला भुसा व काडीकचरा काढावा.
- डिझेल फिल्टरखालच्या वाटीत साचलेले पाणी सोडून द्यावे.
- ऑइल-बाथ प्रकारच्या एअर क्लीनरमधील तेल खुणेपर्यंतच आहे व गढूळ झालेले नाही, याची खात्री करावी. खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यास ते इंजिनात ओढले जाऊ शकते.
- चिखलणीच्या दिवसांत काम संपल्यावर ट्रॅक्टर धुऊन सर्व निपलांना ग्रीस द्यावे. जुने ग्रीस व चिखल बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे.

दर ५० तासांनी :
- फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून ताण पाहावा. साधारण अर्धा इंच दाबला जाणे योग्य.
- बॅटरीतील पाणी प्लेटांच्या किंचित वर आहे का ते पाहावे व फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे. टर्मिनल स्वच्छ करून त्यांना पेट्रोलियम जेली लावावी.
- क्लच व ब्रेक पेडलची मोकळी चाल, चाकांचे नट आणि टायरमधील हवा तपासावी.
- क्लचच्या घराखालचा प्लग काढून पाणी किंवा तेल येते का ते पाहावे. पाणी आले तर सीलची, तेल आले तर त्यासोबत ऑइल सीलचीही तपासणी करून घ्यावी.

दर २५० तासांनी :
- इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर पुस्तिकेनुसार बदलावेत. नवीन ट्रॅक्टरमध्ये पहिला बदल बहुधा ५० तासांनंतर असतो.
- कोरड्या प्रकारच्या एअर फिल्टरवर हवेचा मारा करायचा झाल्यास तो कमी दाबाने व आतून बाहेरच्या दिशेने करावा. आतली सुरक्षा जाळी साफ करून पुन्हा वापरू नये, ती बदलावी.
- गिअर व हायड्रॉलिक ऑइलची पातळी व रंग पाहावा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे.

काढलेले जुने तेल शेतात, नाल्यात किंवा चुलीत टाकू नये. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. एका हातात ग्रीसगन असताना दुसऱ्या हातातील तेलाने स्वतःचीच विहीर बिघडवणे, ही निगा नव्हे.

डिझेलच्या बाबतीत एक सवय विशेष उपयोगी आहे. बॅरलमधील डिझेल हलवल्यानंतर दिवसभर स्थिर ठेवावे, तळातील गाळ न घेता गाळून भरावे आणि टाकी सकाळऐवजी संध्याकाळी भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प थिजते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरते. आधुनिक पंप व इंजेक्टरचे आयुष्य याच थेंबांमुळे घटते.

धूर, आवाज आणि तेलाचा रंग

निदान म्हणजे लक्षणावरून कारणापर्यंत पायरीपायरीने जाणे. त्यासाठी महागड्या उपकरणापूर्वी डोळे, कान आणि नोंदवही पुरेशी असते.

काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. आधी एअर क्लीनर पाहावा, मग भार जास्त आहे का ते पाहावे आणि शेवटी इंजेक्टरकडे वळावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तेलाची पातळी वारंवार खाली जात असेल, तर रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची शंका घ्यावी. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही तो टिकला आणि रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी करावी. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर ते शुभचिन्ह नसते. तेलात डिझेल किंवा पाणी मिसळत असल्याची ती खूण आहे आणि अशा वेळी इंजिन चालू ठेवणे म्हणजे बेअरिंग गमावणे होय.

इंजिन सुरू होत नसेल, तर दोन वाटा वेगळ्या कराव्यात. स्टार्टर फिरतच नसेल किंवा सुस्त फिरत असेल, तर शोध विजेच्या बाजूने घ्यावा. साध्या मल्टिमीटरने बॅटरी तपासता येते. विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या खाली म्हणजे ती निम्म्याहून अधिक उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा येत असेल, तर अल्टरनेटर ठीक आहे. स्टार्टर जोमाने फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर शोध डिझेलच्या बाजूने घ्यावा. टाकी, बंद पडलेला कॉक, तुंबलेला फिल्टर आणि नळीतून शिरलेली हवा, हा क्रम ठेवावा. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने हवा काढणे हे प्रत्येक मालकाला यावे, असे काम आहे.

आता यंत्रात संगणक आला

१ जानेवारी २०२३ पासून भारतात ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे उत्सर्जन मानक लागू झाले. त्यामुळे या गटात यांत्रिक पंपाची जागा मोठ्या प्रमाणावर कॉमन रेल इंजेक्शन, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांनी घेतली. त्याखालच्या अश्वशक्तीचे बहुसंख्य ट्रॅक्टर अजून यांत्रिक आहेत. रस्त्यावरच्या वाहनांत हे आधीच घडले होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानक आल्यावर भाजी मंडईत नेणारी पिकअपसुद्धा संगणकावर चालू लागली.

येथे घरच्या देखभालीची एक सीमा स्पष्ट होते. कॉमन रेलमधील डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनात अशा नळीचा नट सैल करण्याची जुनी सवय जीवघेणी आहे. सुईसारखी निघालेली धार कातडी भेदून आत जाते आणि ती जखम लहान दिसली, तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. गळती शोधण्यासाठी हात कधीही फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. हायड्रॉलिक नळ्यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसऱ्या बाजूने, याच संगणकाने मालकाच्या हाती एक नवे साधन दिले आहे. मोटारी व पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या खालच्या भागात १६ पिनांचे निदान-सॉकेट असते. त्यात लहानसा कोड रीडर बसवला की मोबाइलवर बिघाडाचा सांकेतिक क्रमांक वाचता येतो. ट्रॅक्टरांत सॉकेट कंपनीनुसार वेगळे असू शकते. काही मॉडेलांत डॅशबोर्डवरच कोड दिसतो व त्याचा अर्थ पुस्तिकेत असतो.

मात्र कोड वाचणे म्हणजे निदान झाले, असे नव्हे. हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. पी ००८७ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की रेलमधील डिझेलचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. कोणता भाग खराब आहे, हे तो सांगत नाही. हा कोड पाहून थेट उच्चदाब पंप बदलायचे ठरले, तर मोठा खर्च होईल आणि कदाचित दोषही राहील. शहाणपणाचा क्रम असा :

१. टाकीत पुरेसे डिझेल आहे का आणि ते कोठून भरले, हे आठवावे.
२. डिझेल फिल्टर शेवटचा कोणत्या तासाला किंवा किलोमीटरला बदलला, ते वहीत पाहावे. पाण्याची वाटी रिकामी करावी.
३. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या कमी दाबाच्या नळ्या, त्यांचे क्लिप आणि हवा ओढणारे सैल जोड तपासावेत.
४. बॅटरीचा दाब व वायरींचे प्लग पाहावेत.
५. इतके करूनही दोष राहिला, तर दाब सेन्सर, नियंत्रक व्हॉल्व्ह आणि अखेर पंप यांची तपासणी सेवाकेंद्रात योग्य उपकरणांवर करून घ्यावी.

पहिल्या चार पायऱ्या घरच्या आहेत, पाचवी नाही. आणखी एक सावधगिरी : दाखवण्यापूर्वी कोड पुसू नये. बिघाड झाला त्या क्षणीचा वेग, तापमान, भार ही माहिती नियंत्रकात कोडसोबत साठलेली असते. कोड पुसला की बहुधा तीही जाते आणि कारागीर अंधारात चाचपडतो. कोडचा फोटो, तारीख व तासमापकाचा आकडा टिपून ठेवणे पुरेसे आहे.

सेवाकेंद्राकडे काय सोपवावे

इंजेक्टर व उच्चदाब पंप, इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचे प्रोग्रॅमिंग, क्लच व गिअरबॉक्स उघडणे, हायड्रॉलिक पंप आणि ब्रेकची मोठी दुरुस्ती ही कामे योग्य जागा, विशेष पाने आणि प्रशिक्षण असल्याशिवाय करू नयेत. वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेल्या तासांच्या सर्व्हिस वेळेवर करून सर्व्हिस बुकात शिक्का घ्यावा, कारण दावा करताना तीच नोंद विचारली जाते. पीटीओ शाफ्टवरचे संरक्षक आवरण काढून दुरुस्ती करणे, केवळ जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली शिरणे किंवा हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली हात घालणे, हे घरी आणि केंद्रात सारखेच वर्ज्य आहे.

या दोहोंच्या मध्ये गावचा मिस्त्री आहे. यांत्रिक ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याचा अनुभव मोलाचा असतो आणि तो शेतावर येतो. त्याच्याकडे काम देताना बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाचे बिल घ्यावे, एवढी शिस्त पुरेशी आहे. सेवाकेंद्रातही काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाज घ्यावा आणि कोणत्या तपासणीवरून हा भाग बदलायचा ठरला, हे विचारावे. आपल्या वहीसह गेलेला शेतकरी हा प्रश्न नेमकेपणाने विचारू शकतो. वही नसलेल्याला बहुधा सांगितलेले ऐकून घ्यावे लागते.

दुरुस्तीचा हक्क

कंपनीखेरीज इतरांना सुटे भाग व निदानाची साधने मिळावीत की नाहीत, हा प्रश्न भारतात कायद्यापुढे आला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला व एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग व निदान उपकरणे उपलब्ध व्हावीत, तसेच केवळ बाहेरून दुरुस्ती केली या कारणास्तव संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये, असे त्यात म्हटले होते. बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्याचा आशय होता. काही कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले आणि पुढे अपिलात दंडाच्या हिशेबात बदलही झाला. हा आदेश मोटारींपुरता होता, ट्रॅक्टरांचा त्यात समावेश नव्हता.

शेतीयंत्रांच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल जुलै २०२२ मध्ये पडले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या चार क्षेत्रांत शेती उपकरणांचा समावेश आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी या विषयाचे राष्ट्रीय पोर्टलही सुरू झाले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. सेवेबाबत तक्रार असल्यास भारतीय शेतकऱ्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ उपलब्ध आहे. मात्र तारीख, तास, बिल आणि जुना भाग यांची नोंद नसेल, तर कोणताही हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बियाणे व खतांच्या प्रात्यक्षिकांइतकेच यंत्रांच्या निगेचे प्रात्यक्षिक आवश्यक आहे. त्यासाठी योग्य काळ मे महिन्याचा. छत्तीसगडात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तेथील अक्तीला, शेतीचे नवे वर्ष सुरू झाल्याचे मानतात. त्यानंतर पेरणीपूर्वी गावपातळीवर एक दिवसाचे शिबिर घ्यावे. सकाळच्या सत्रात एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, ग्रीसिंग व बॅटरी यांवर प्रत्यक्ष काम व्हावे. दुपारी मल्टिमीटर व कोड रीडरचा वापर दाखवावा. गावचा मिस्त्री आणि जवळच्या सेवाकेंद्राचा तंत्रज्ञ या दोघांनाही एकाच शिबिरात बोलवावे, म्हणजे कोणाचे काम कोठे संपते हे शेतकऱ्यांसमोरच स्पष्ट होईल. भाडेतत्त्वावरील अवजारे केंद्रांनी प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र वही ठेवणे बंधनकारक करावे.

अधिक सखोल शिक्षणासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था उपयुक्त आहे. सीहोर जिल्ह्यात नर्मदेकाठी असलेली ही संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. भिलाईचा करार झाला तेच हे वर्ष. येथे शेतकरी, तंत्रज्ञ व अधिकाऱ्यांसाठी ट्रॅक्टर आणि अवजारांची निवड, वापर व देखभाल यांचे अभ्यासक्रम चालतात. येथेच ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात व त्यांचे अहवाल तयार होतात. नवा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्याने त्या मॉडेलचा अहवाल शेतकऱ्यासमवेत वाचावा. कोणता भाग किती झिजला, फिल्टरपर्यंत हात सहज पोहोचतो का, सुटे भाग किती अंतरावर मिळतात, हे प्रश्न किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

समारोप

ट्रॅक्टरची वही फार मोठी लागत नाही. तारीख, तासमापक, केलेले काम, घातलेले तेल, बदललेला भाग आणि दिसलेले लक्षण असे सहा रकाने पुरेत. पोलाद कारखान्यातील यंत्राची जी शिस्त रुआबांध्याच्या घराघरांत पगाराबरोबर पोहोचली, तिचे शेतातील रूप म्हणजे ही वही. हरेलीच्या दिवशी ट्रॅक्टरला गंध लावण्यापूर्वी त्याची डिपस्टिक काढून पाहिली, फिल्टरखालचे पाणी सोडले आणि वहीत तो आकडा लिहिला, तर पूजा अधिक सार्थ होईल. मग पुढचे तीन-चार महिने, रोवणीच्या चिखलापासून धान खरेदी केंद्राच्या रस्त्यापर्यंत, ट्रॅक्टर बहुधा निर्वेध चालेल. आणि एखाद्या दिवशी तो थांबलाच, तर मालकाला निदान इतके ठाऊक असेल, की हातात पाना घ्यायचा की फोन.